बोअरच्या पाण्याने राठ झालेले केस आणि स्वयंपाकघरातील उपाय

कृष्णाकाठ

नमस्कार. माझे माहेर वाईचे आणि सासर सांगलीजवळ, मिरज तालुक्यातील नदीकाठच्या एका गावात आहे. लग्नाला दोन वर्षे झाली. माहेरी असताना माझे कमरेपर्यंतचे केस मऊ होते आणि वेणी घालताना फणी कधी अडकत नसे. येथे आल्यापासून मात्र ते हळूहळू राठ होत गेले आणि आता न्हाल्यानंतर केरसुणीला हात लावल्यासारखे लागतात. टाळूला कोंडा नाही, केस मुळापासून फारसे गळतही नाहीत; जे तुटतात ते मधूनच तुटतात आणि त्यांचे आखूड तुकडे फणीत सापडतात.

आमच्याकडे वापरायला बोअरचे पाणी आहे. मी आठवड्यातून तीन वेळा शिकेकाईच्या साबणाने न्हाते. गेल्या चार महिन्यांत मी अंडे, पिकलेले केळे, दह्यात लिंबू आणि भाताची पेज असे चार उपाय करून पाहिले. अंड्याचा वास दोन दिवस गेला नाही, केळ्याचे कण केसांतून काढण्यात अर्धी सकाळ गेली, लिंबाने टाळूची आग झाली आणि पेजेने केस आणखी ताठ झाले. महागड्या बाटल्या विकत घेण्याची माझी तयारी नाही आणि तशी गरज असेल असेही वाटत नाही. घरात दही, ताक, मेथी, जवस, खोबरेल आणि करडईचे तेल कायम असते. यांपैकी कोणत्या पदार्थाने केस खरोखर मऊ राहतात, तो किती घ्यावा आणि न्हाण्यापूर्वी लावावा की नंतर, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

शेवंती

बाळ, मी साताऱ्याची. माझे वय आता अडुसष्ट आहे आणि केस अजून पाठीपर्यंत आहेत, म्हणून चार शब्द अधिकाराने लिहिते.

आमच्या घरी न्हाण्याच्या आदल्या रात्री तेल लावण्याची पद्धत होती आणि ती मी आजही सोडलेली नाही. खोबरेल तेल थंडीत गोठते, त्यामुळे वाटी गरम पाण्यात ठेवून ते पातळ करून घ्यावे आणि केसांच्या टोकांपासून वर लावत यावे. टाळूवर जितके तेल मुरवतो त्याच्या दुप्पट टोकांना लागते, हे मुलींच्या लक्षात येत नाही. सकाळी मेथीचा हात फिरवावा. दोन मोठे चमचे मेथी रात्रभर वाटीभर पाण्यात भिजवली की सकाळी ते पाणी बुळबुळीत होते. मेथी वाटून तोच लगदा केसांना लावला तर त्याचे कण दिवसभर पडत राहतात. म्हणून वाटल्यानंतर पातळ सुती कापडातून गाळून घ्यावे आणि जो चिकट रस निघेल तेवढाच वापरावा. अंगणात जास्वंद असेल तर तिची सात-आठ पाने पाण्यात चुरडूनही असाच बुळबुळीत रस मिळतो.

एक गोष्ट मात्र तुझ्या लिखाणात मला खटकली. शिकेकाईचा साबण आणि शिकेकाई या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सह्याद्रीच्या रानात वाढणाऱ्या काटेरी वेलीच्या शेंगा वाळवून, कुटून, उकळून जे पाणी होते ती शिकेकाई. ती उकळल्यावर नीट गाळली नाही तर तिची पूडही केसांत अडकते आणि डोळ्यांत गेली तर फार झोंबते, पण केस राठ करत नाही. साबण हा शेवटी साबणच.

शाळामास्तर

शेवंतीकाकूंनी शेवटच्या ओळीत जे लिहिले आहे, तेथेच या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. मी सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे उरलेले अर्धे उत्तर थोडे विस्ताराने मांडतो.

वाईची नदी आणि तुमच्या गावाची नदी एकच, कृष्णा. तरीही केसांना दोन ठिकाणी दोन वेगळी पाणी मिळाली. माहेरी बहुधा नळाला नदीचे पाणी येत असावे. बोअरचे पाणी जमिनीच्या थरांतून झिरपत येताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून आणते. त्यातही आपल्याकडे कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत उसाला वर्षानुवर्षे पाटाने भरपूर पाणी देऊन अनेक शिवारे क्षारपड झालेली आहेत, हे तुम्ही आजूबाजूला पाहत असालच. अशा भागातील भूजल चवीलाही मचूळ लागते. पाठ्यपुस्तकात ज्याला आपण दुष्फेन किंवा जड पाणी म्हणतो ते हेच. त्यात साबण चोळला की साबणातील स्निग्धाम्ले कॅल्शियमशी संयोग पावतात आणि फेसाऐवजी पांढरट, चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला जो पांढरा चिवट थर बसतो तोच साका केसांवरही बसतो. तुम्हाला जो राठपणा जाणवतो त्याचा बराच भाग हा केसांवर चढलेला थर आहे.

दुसरे कारण साबणाच्या स्वभावात आहे. केसाचा पृष्ठभाग घराच्या कौलांप्रमाणे एकावर एक बसलेल्या सूक्ष्म खवल्यांचा असतो. केसाचा सामू (म्हणजे पीएच; सातच्या खाली आम्ल, सातच्या वर अल्क) आम्लधर्मी, साडेतीन ते चारच्या आसपास असतो, तर टाळूचा साधारण साडेपाच. साबणाचा सामू मात्र नऊ ते दहा असतो. अशा अल्कधर्मी पाण्यात केस फुगतो, कौले उचलली जातात, एका केसाचे खवले दुसऱ्या केसाच्या खवल्यांत अडकतात आणि गुंता होतो. तो गुंता ओढून सोडवताना केस मध्येच तुटतो. तुमच्या फणीत आखूड तुकडे सापडतात ते यामुळेच.

आता पदार्थांकडे वळू. केसाचा टाळूबाहेरचा भाग निर्जीव असतो, त्यामुळे त्याला ‘पोषण’ मिळत नाही. जे काही करता येते ते त्याच्या पृष्ठभागावर आणि फार तर किंचित आत. या कसोटीवर तुमच्या घरातील वस्तू तीन प्रकारची कामे करतात. खोबरेल तेल न्हाण्यापूर्वी केसाचे रक्षण करते. मेथी, जवस आणि जास्वंद यांचा बुळबुळीत द्रव केसाकेसांमधील घर्षण कमी करतो. ताकासारखे सौम्य आम्ल साबणाचा साका सुटा करते आणि उचललेली कौले पुन्हा बसवते.

खोबरेल तेलाबद्दल काकूंचा अनुभव प्रयोगानेही खरा ठरला आहे. खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना करणारा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात केसातून निघून जाणारी प्रथिने केवळ खोबरेल तेलाने लक्षणीय प्रमाणात कमी झाली. खोबरेलातील लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ साखळीचे असल्याने ते केसाच्या आत शिरतात. भिजलेला केस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषून फुगतो. आत आधीच तेल असेल तर हे फुगणे कमी होते. म्हणून तेल न्हाण्यापूर्वी काही तास लावण्याला अर्थ आहे. करडईचे तेल वरून चकाकी आणि निसरडेपणा देईल, परंतु खोबरेलाची जागा घेणार नाही.

अंड्याची प्रथिने केसात शिरण्याच्या मानाने फार मोठी असतात. ती वरच वाळतात. पेजेत स्टार्च असतो. सुती साडीला कांजी केल्यावर ती जशी कडक होते, तसेच तुमच्या केसांचे झाले. लिंबाच्या रसाचा सामू दोन ते अडीच असतो, तो पाण्याने पातळ न करता टाळूवर लावला तर आग होणारच.

पाण्याबद्दल खात्री करून घ्यायची असेल तर घरीच करता येईल. दोन सारख्या बाटल्या घ्याव्यात, एकीत बोअरचे आणि दुसरीत पिण्याचे आरओचे पाणी अर्ध्यापर्यंत भरावे, दोन्हींत साबणाचा सारखाच लहानसा कीस टाकून वीस वेळा हलवावे आणि पाहावे.

कृष्णाकाठ

काकू आणि सर, आपण इतक्या आस्थेने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. बाटल्यांचा प्रयोग मी लगेच केला. आरओच्या पाण्यात बोटभर उंच फेस आला आणि तो बराच वेळ टिकला. बोअरच्या पाण्यात फेस जवळजवळ आलाच नाही, उलट दूध नासल्यासारखे पांढरे कण तरंगू लागले. ते पाहून दोन वर्षे मी केसांवर काय चढवत होते हे समजले आणि मन खट्टू झाले.

आता तीन शंका आहेत. सासूबाई म्हणतात की बोअरच्या पाण्यात तुरटी फिरवावी. त्याने उपयोग होईल का? ताक किती आंबट आणि किती पातळ असावे? आणि आरओच्या यंत्रातून जे पाणी वाया जाते, ते साठवून न्हायला घेतले तर चालेल का?

शाळामास्तर

तुरटीने पाण्यातील गाळ खाली बसतो, विरघळलेले क्षार जात नाहीत; गढूळ पाण्यासाठी सासूबाईंचे म्हणणे योग्य आहे, या कामासाठी नाही. आरओचे वाया जाणारे पाणी कृपया मुळीच वापरू नका, कारण यंत्राने गाळून बाजूला काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात आणि ते मूळ बोअरच्या पाण्यापेक्षाही अधिक जड असते.

पाणी उकळले तर बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा कमी होतो. तळाशी पांढरा थर बसतो आणि वरचे निवळलेले पाणी अलगद ओतून घेता येते. सल्फेट व क्लोराइडमुळे आलेला जडपणा मात्र उकळून जात नाही. संपूर्ण न्हाणे चांगल्या पाण्याने करण्याची गरज नाही. शेवटचे दोन तांबे आरओच्या शुद्ध पाण्याचे किंवा स्वच्छ छपरावरून धरलेल्या पावसाच्या पाण्याचे असले तरी फरक पडतो, कारण केसांवर वाळते ते शेवटचे पाणी.

ताकाचे प्रमाण प्रत्यक्ष लावणाऱ्या व्यक्तीने सांगावे, ते अधिक बरे.

वेणीफणी

साताऱ्यात माझे लहानसे पार्लर आहे आणि रोज माझ्या हातांखालून निरनिराळे केस जातात, त्यामुळे प्रमाणाचे मी सांगते.

लोणी पूर्ण काढलेले, एका दिवसाचे आंबट ताक एक वाटी घ्यावे, त्यात दोन वाट्या शुद्ध पाणी घालून कापडातून गाळावे. न्हाऊन झाल्यावर हे पाणी केसांच्या लांबीवर ओतावे, दोन-तीन मिनिटे थांबावे आणि नंतर शेवटचे दोन तांबे चांगल्या पाण्याचे घ्यावेत. ताक नसेल तर अर्ध्या लिंबाचा रस गाळून एक लिटर पाण्यात, किंवा साधे व्हिनेगर एक मोठा चमचा एक लिटर पाण्यात, एवढेच पुरते. लिंबाचे पाणी घेतल्यास ते कपाळावरून व मानेवरून नीट धुवावे आणि तसेच उन्हात जाऊ नये, कारण लिंबाचा रस कातडीवर असताना ऊन लागले तर चट्टे उठतात. आठवड्यातून एकदा हे पुरेसे आहे.

दही लावायचे असेल तर साय न काढलेल्या दुधाचे, अर्धी वाटी, घुसळून एकजीव केलेले असावे. गाठी असलेले दही केसांत केळ्याइतकाच त्रास देते. महाबळेश्वरचा मध हाताशी असेल तर त्यात एक लहान चमचा मिसळावा, त्याहून जास्त नको, नाहीतर धुऊनही चिकटपणा राहतो. ओलसर केसांना कानाच्या खालच्या भागापासून टोकांपर्यंत लावावे आणि वीस मिनिटांनी धुवावे. तासन्तास ठेवून अधिक फायदा होतो असे मला कधी दिसलेले नाही. वाळलेले दही काढताना केस ओढले जातात, एवढेच होते.

माझ्या अनुभवात कोरड्या केसांसाठी स्वयंपाकघरातील सर्वांत गुणी वस्तू जवस आहे आणि आपल्याकडे चटणीसाठी तो घरोघरी असूनही त्याचा हा उपयोग फार थोड्या बायका करतात, याचे मला वाईट वाटते. दोन मोठे चमचे जवस, न भाजलेला आणि न कुटलेला, दोन वाट्या पाण्यात मंद आंचेवर ठेवावा आणि सतत ढवळावे. सात-आठ मिनिटांत पाणी दाट होऊन चमच्यातून अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार सुटू लागते. त्या क्षणी गॅस बंद करून लगेच, गरम असतानाच गाळावे; थंड झाल्यावर ते गाळणीतून उतरतच नाही आणि पहिल्यांदा करणारी प्रत्येक जण येथेच फसते. गार झाल्यावर फ्रीजमध्ये ठेवले तर चार-पाच दिवस राहते. न्हाल्यावर ओल्या केसांना मोठा चमचाभर चोपडून रुंद दातांच्या फणीने टोकांकडून वर गुंता सोडवत यावे. ते धुवायचे नाही, तसेच वाळू द्यायचे. जास्त लावले तर वाळल्यावर केस कडक वाटतात, तेव्हा प्रमाण स्वतःच्या केसांवरून ठरवावे.

खाण्याचा सोडा केसांना कोणी सुचवला तर ऐकू नका. आणि ओले केस टॉवेलने खसाखसा पुसू नका. ओला केस कोरड्यापेक्षा नाजूक असतो. जुना मऊ पंचा गुंडाळून पाणी टिपून घ्यावे.

न्हाणे आठवड्यातून दोनदा पुरे. साबण बंद करून शिकेकाईचा गाळलेला काढा घ्या. तो करण्याइतका वेळ नसेल त्या दिवशी साधा सौम्य शाम्पू थोडा, मगभर पाण्यात मिसळून टाळूपुरता वापरा. जड पाण्यात शाम्पूचा साबणासारखा साका होत नाही. त्यात महागडे काही घ्यावे लागत नाही.

शुश्रूषा

मी परिचारिका आहे. ताईंनी कोंडा नाही असे लिहिले आहे, म्हणून येथील सल्ला त्यांना लागू पडतो. परंतु हे वाचणाऱ्या ज्यांना चिकट, पिवळसर कोंडा असेल त्यांनी टाळूवर रात्रभर तेल ठेवू नये. त्या कोंड्याशी निगडित असलेली बुरशी तेलातील स्निग्धाम्लांवर वाढते. तेल टोकांपुरते ठेवावे.

दुसरे असे की केस राठ होण्याबरोबरच थकवा, वजन वाढणे, सतत थंडी वाजणे किंवा पाळीत बदल असेल तर थायरॉईडची आणि हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्यावी. थायरॉईडचे काम मंदावल्यास केस कोरडे होतात आणि त्याला ताक-जवस उपयोगी पडत नाही. दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे, त्याची काळजी करू नये.

शेवंती

वेणीफणी, जवसाचे मला ठाऊक नव्हते. उद्याच करून पाहते. मेथीचा वास नातींना आवडत नाही, त्यांना हे चालेल.

कृष्णाकाठ

सहा आठवड्यांनी लिहीत आहे, कारण लवकर लिहिले असते तर ते खरे ठरले असते की नाही याची मला खात्री नव्हती. शुश्रूषाताईंच्या सांगण्यावरून रक्ताची तपासणी केली; थायरॉईड आणि हिमोग्लोबिन दोन्ही योग्य आहेत.

साबण पहिल्याच दिवशी बंद केला. बुधवारी आणि रविवारी न्हाते. आदल्या रात्री खोबरेल, सकाळी रविवारी शिकेकाईचा काढा आणि बुधवारी पातळ केलेला शाम्पू, रविवारी त्यानंतर ताकाचे पाणी, आणि दोन्ही दिवशी शेवटचे दोन तांबे आरओच्या पाण्याचे. पहिल्या ताकानंतरच केसांवरून काहीतरी उतरल्यासारखे वाटले. बोटांना लागणारा तो मेणचट खरखरीतपणा दुसऱ्या रविवारी जवळजवळ गेला. जवस पहिल्यांदा थंड होऊ दिला आणि गाळणीत अडकला, दुसऱ्यांदा गरम असतानाच गाळला. माझ्या केसांना मोठा चमचाभर जास्त होतो, दोन लहान चमचे पुरतात. मेथी आणि जवस दोन्ही करून पाहिले. मेथीने मऊपणा तितकाच येतो, पण गाळण्याचे कष्ट अधिक आहेत, म्हणून मी जवसावर थांबले.

फणीतील आखूड तुकडे बरेच कमी झाले आहेत. शेवटची चार बोटे लांबी मात्र अजून कोरडीच आहे आणि टोकांना फाटे दिसतात. सर, ती सुधारेल का?

शाळामास्तर

फाटलेले टोक कोणत्याही पदार्थाने पुन्हा जुळत नाही. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. कमरेपर्यंतच्या केसाचे टोक म्हणजे सुमारे पाच वर्षांपूर्वीचा केस, आणि त्याने ही दोन वर्षांची सगळी न्हाणी सोसलेली आहेत. चार बोटे कापली तर तीच लांबी सहा-सात महिन्यांत परत येईल आणि ती नव्या पद्धतीत वाढलेली असेल. न कापल्यास फाटा वर चढत जातो.

कृष्णाकाठ

काल सासूबाईंनीच चार बोटे कापून दिली. सासऱ्यांनी पत्र्याच्या पागोळीखाली पन्हळ लावून पिंप ठेवले आहे. पहिल्या दोन पावसांचे पाणी सोडून देऊन त्यानंतरचे धरायचे ठरवले आहे.